बर्फाळ हवेतलं छोटं गवतशेत: कुरण, यंत्रं आणि हिवाळ्याची बेगमी

कुरणवेडा

वर्षातले पाच-सहा महिने जमीन बर्फाखाली असते अशा हवेत आम्ही वाळलेल्या गवताचं छोटं शेत करतो. सहा हेक्टरांच्या आतलं कुरण, त्यात टिमोथी आणि ऑर्चर्ड ग्रास मिसळून, एका कोपऱ्यात लसूणघास. ट्रॅक्टर चाळीस अश्वशक्तीचा, बेलर जुना, लहान चौकोनी गठ्ठे बांधणारा. अशी शेती करणारे आणि करू पाहणारे इथे अधूनमधून प्रश्न विचारतात आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा.

माझं ठाम मत आधीच मांडतो. थंड हवेत सलग तीन कोरडे दिवस उन्हाळ्यात फार थोड्या वेळा मिळतात. त्या पहिल्या सकाळी मोअर (गवत कापणारा), टेडर (ते उलथून पसरवणारा), रेक (ओळींत ओढणारा) आणि बेलर चारही बिनबोभाट चालले तर गवत चांगलं होतं. यंत्र किती मोठं आणि किती नवं, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि ती तयारी हिवाळ्यातच करावी लागते, कारण कुरण पोटऱ्यांत आल्यावर शेडमध्ये नट आवळत बसायला कुणालाच सवड नसते.

आता पाण्याचा हिशेब. उभ्या गवतात वजनाच्या ७५ ते ८० टक्के पाणी असतं. लहान चौकोनी गठ्ठे बांधायचे तर ओलावा १८ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली यायला हवा. मोठ्या गोल गठ्ठ्यांतून उष्णता आणि वाफ सहज बाहेर पडत नाही, म्हणून तिथे १५-१६ टक्के. समजा, १५ टक्के ओलाव्याचं एक टन गवत हवं आहे. त्यात ८५० किलो कोरडा भाग आला. कापताना ओलावा ७५ टक्के धरला तर तेवढ्यासाठी ३४०० किलो हिरवं गवत कापावं लागतं. म्हणजे टनामागे २४०० किलो पाणी शेतातच उडवायचं, तेही केवळ ऊन आणि वाऱ्याच्या जिवावर. हा आकडा डोक्यात बसला की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

कापल्यानंतर सुरुवातीचे काही तास पानांवरची रंध्रं उघडी असतात आणि पाणी त्यांतून भराभर जातं, पण उजेड मिळतोय तोवरच. पट्टा अरुंद आणि जाड पडला की आतल्या पानांवर अंधार होतो, रंध्रं मिटतात आणि वाळणं रेंगाळतं. म्हणून मोअरच्या मागचे पट्टा आवळणारे पत्रे मी पूर्ण उघडे ठेवतो. कापलेल्या रुंदीपैकी सत्तर टक्के तरी जमीन गवताने झाकली गेली पाहिजे. शिवाय ओलावा ४० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत कापलेली काडी श्वास घेतच असते आणि स्वतःची साखर जाळत असते. पहिला दिवस ढगाळ गेला तर वेळेबरोबर चाऱ्याचा कसही जातो.

कापणीची उंची आठ ते दहा सेंटिमीटर. त्याहून खाली उतरू नका. उभी धसकटं कापलेलं गवत ओल्या जमिनीपासून उचलून धरतात, खालून हवा खेळते, माती गवतात येत नाही आणि फुटवाही लवकर येतो.

टेडर पहिल्या दिवशी कापणीनंतर थोड्या वेळाने, आणि गरज पडली तर दुसऱ्या दिवशी दव उडता उडता. लसूणघासेला मात्र हे जपून. तिची बहुतेक प्रथिनं पानांत असतात आणि पानं काडीच्या आधी कुरकुरीत होतात. भर दुपारी टेडर फिरवला तर पानं जमिनीवर आणि नुसत्या काड्या गठ्ठ्यात. रेकने ओळी ओढायचं कामही ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास असताना, म्हणजे पानं अजून मऊ असताना उरकावं.

कधी कापायचं? गवत पोटऱ्यांतून निसवायला लागतं तेव्हा कस आणि वजन यांचा मेळ उत्तम बसतो. लसूणघास कळ्या भरल्यापासून दहा टक्के फुलोऱ्यापर्यंत. नंतरचा प्रत्येक आठवडा वजन वाढवतो आणि पचनीयता घटवतो. पण पाऊस दिसत असेल तर पहिल्या कापणीला मी चार-पाच दिवस थांबतो. भिजलेल्या गवतातली साखर आणि पोटॅश धुऊन जातं आणि पुन्हा पुन्हा उलथावं लागल्याने पानं झडतात. थोडं जून पण कोरडं गवत मला त्यापेक्षा पसंत आहे.

बाकीच्यांनी आपापला अनुभव लिहावा. यंत्रांबद्दल नटबोल्ट यांनी सविस्तर लिहावं ही खास विनंती.

नवी_पालवी

सुरेख धागा, वाचनखूण साठवली. आम्ही चार हेक्टर कुरण घेतोय, हवा अगदी तुम्ही लिहिली तशीच. दोन प्रश्न: कमीत कमी कोणती यंत्रं लागतात? आणि चौकोनी गठ्ठे की गोल?

कुरणवेडा

@नवी_पालवी, मोअर, रेक, बेलर आणि वाहून न्यायला ट्रॉली, एवढ्यावर सुरुवात होते. पण थंड, दमट हवेत टेडरला मी चैन समजत नाही. गठ्ठे बांधायला अर्धा दिवस आधी मिळणं म्हणजे पावसाच्या आधी गवत शेडमध्ये जाणं. पैसे अपुरे असतील तर मोअर जुना घ्या, पण टेडर घ्याच.

चौकोनी की गोल, हे उचलणार कोण यावर ठरवा. लहान चौकोनी गठ्ठा साधारण १८ ते २५ किलोचा, एका माणसाला उचलता येतो, घोडे-शेळ्या पाळणाऱ्यांना सोयीचा. मात्र दोन-चार जोडी हात हवेत, आणि तेही नेमक्या त्याच दुपारी. गोल गठ्ठा एकट्याने हाताळता येतो, पण तो शेकडो किलोंचा. लहान ट्रॅक्टरला लोडर, मागे पुरेसं वजन आणि उतारावर फार सावधपणा लागतो. लोडर वर उचलल्यावर गोल गठ्ठा हातांवरून मागे घरंगळून चालकावर आल्याचे अपघात खरोखर घडतात. गठ्ठा धरणारा भाला किंवा चिमटा असल्याशिवाय तो उचलू नये.

गोल गठ्ठे उघड्यावर ठेवणाऱ्यांनी आणखी एक गणित करावं. दीड मीटर व्यासाच्या गठ्ठ्याचा बाहेरचा फक्त १५ सेंटिमीटर थर कुजला तर आतला चांगला भाग १.२ मीटर व्यासाचा उरतो. म्हणजे ६४ टक्के. तळहाताएवढ्या जाडीच्या थरात एक तृतीयांशाहून जास्त गवत गेलं! छप्पर नसेल तर निदान खाली खडी किंवा पॅलेट टाका, गठ्ठ्यांच्या सपाट बाजू एकमेकींना भिडवून रांगा करा, दोन रांगांत हवा खेळेल एवढं अंतर ठेवा आणि झाडाखाली रांग लावू नका.

सावकाश

थोडा वेगळा सूर लावतो. चार हेक्टरांसाठी स्वतःचा बेलर कशाला? कापणी आणि रेक आपलं, गठ्ठे बांधायला भाड्याचा बेलर. यंत्र वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्ये उभंच असतं आणि उभं राहूनच बिघडतं. आम्ही बरीच वर्षं असंच करतो. शेडची जागा वाचते, डोकेदुखी वाचते.

नटबोल्ट

@सावकाश, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि जिथे भाड्याचं यंत्र शब्दाला जागून येतं तिथे तेच करावं. अडचण अशी की कोरडे दिवस सगळ्यांना एकदमच मिळतात. ज्या दुपारी तुमचं गवत १८ टक्क्यांवर आलं त्याच दुपारी आसपासच्या सगळ्यांचं आलेलं असतं, आणि भाडेवाला मोठ्या शेतावर आधी जातो. त्याचा दोष नाही, पण तुमचं गवत एक रात्र दवात राहतं. म्हणून ज्याला नट-बोल्टची आवड आहे त्याने जुना बेलर घ्यावा, ज्याला नाही त्याने भाड्याचा बोलवावा आणि त्याच्याशी हिवाळ्यातच बोलणी करून ठेवावीत.

आता बेलर. हंगाम संपला की त्याच आठवड्यात आतला शेवटचा गठ्ठा बाहेर काढा आणि भुसा, काडीकचरा पूर्ण झाडून टाका. हवेच्या दाबाने साफ करा, पाण्याने नको. कोपऱ्यांत साठलेला भुसा हवेतली ओल शोषून घेतो आणि त्याखाली पत्रा गंजतो. उंदरांनाही तिथेच घर मिळतं. घासून चकचकीत झालेले भाग, म्हणजे गठ्ठ्याच्या पेटीची आतली बाजू, प्लंजरचे (गवत ठोसून दाबणाऱ्या दट्ट्याचे) रूळ, नॉटरचे (गाठ मारणाऱ्या यंत्रणेचे) धातू, यांना ग्रीसचा पातळ हात द्या. गठ्ठा आवळणारे स्प्रिंग सैल सोडा. सुतळीचे गुंडे काढून पत्र्याच्या डब्यात ठेवा.

नॉटर हे त्या यंत्राचं काळीज. जॉन ॲपलबीने १८७० च्या दशकाच्या अखेरीस सुतळीची गाठ मारणारी यंत्रणा यशस्वी केली आणि आजच्या लहान बेलरांतही तत्त्व बरंचसं तेच आहे. एकदा यंत्र पूर्ण बंद करून, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता शाफ्ट) सोडवून, फ्लायव्हील हाताने फिरवत गाठ पडताना पाहा. गठ्ठा पूर्ण झाला की खालून सुया वर येतात आणि सुतळीचा दुसरा पदर आणून चकतीच्या खाचेत ठेवतात. चकती फिरून तो पकडते. मग पक्ष्याच्या चोचीसारखा आकडा एक गिरकी घेतो, दोन्ही पदर त्याच्याभोवती गुंडाळले जातात, गिरकीच्या शेवटी चोच उघडून टोकं आत धरते. सुरी टोकं कापते आणि पुसणारा हात तो फास चोचीवरून खाली ओढतो. फास सरकला, टोकं आतच धरलेली, गाठ बसली. हे दोन-तीनदा संथपणे पाहिलं की पुढे बिघाड सापडायला वेळ लागत नाही.

गाठ सुटायला लागली की लोक सरसकट सगळे स्क्रू फिरवतात. तसं करू नका. आधी सुटलेली सुतळी हातात घेऊन तिची टोकं बघा. टोकं पिंजलेली, चुरगळून तुटलेली असतील तर चकतीची पकड फार घट्ट आहे. टोक अखंड आणि सरकून निसटलेलं दिसत असेल तर पकड सैल. गाठ बांधली गेली पण चोचीलाच लटकून तुटली, तर चोच खरबरीत झालीय किंवा पुसणारा हात तिला नीट घासत नाही. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, मग दोन-चार गठ्ठे बांधून पुन्हा बघा.

सुऱ्यांनाही विसरू नका. प्लंजरवरची सुरी आणि पेटीवरची स्थिर सुरी यांतली फट बहुतेक मॅन्युअलांत एक मिलिमीटरच्या आत सांगितलेली असते. सुरी बोथट झाली की गठ्ठ्याची एक बाजू झिपरी दिसते, गठ्ठा केळ्यासारखा वाकडा होतो आणि ट्रॅक्टर उगाच धापा टाकतो.

शिअर बोल्ट तुटला म्हणून त्याजागी जास्त कडक बोल्ट घालणं हा गुन्हा समजा. तो तुटावा म्हणूनच बसवलेला असतो. तो तुटला नाही तर सुई किंवा गिअर तुटेल. मॅन्युअलात लिहिलेल्या प्रतीचे मूठभर बोल्ट ट्रॅक्टरच्या डब्यात असू द्या.

स्लिप क्लच (भार फार वाढला की घसरून यंत्र वाचवणारा) हिवाळ्यात गंजून चिकटतो, आणि मग जाम झाल्यावर घसरतच नाही. हंगामाआधी स्प्रिंग सैल करून थोडा घसरवून घ्या आणि पुन्हा ठरलेल्या मापाला आवळा.

आणि हे जीव तोडून सांगतो: पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असताना शाफ्ट एका सेकंदात नऊ वेळा फिरतो. बाहीचा धागा अडकला तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कवच फुटलं असेल तर ते बदलल्याशिवाय यंत्र जोडू नका. बेलर तुंबला तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, फ्लायव्हील थांबलेलं डोळ्यांनी पाहायचं आणि मगच हात घालायचा.

टापटीप

नटबोल्ट, हा प्रतिसाद छापून शेडमध्ये लावतेय.

आमच्याकडे घोडे आहेत, त्यामुळे बुरशी हा माझा जिव्हाळ्याचा विषय. गाय थोडं कुबट गवत निभावून नेते, घोडा नाही. बुरशीचे बीजाणू आणि धूळ यांनी त्याला खोकला लागतो आणि तो जुनाट झाला की श्वास कायमचा बिघडतो. आणखी एक धोका म्हणजे गोड क्लोव्हर, मेलिलोटस. हे ओलं राहून बुरशी आली की त्यात डायकुमॅरॉल तयार होतं, जनावराचं रक्त गोठत नाही आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९४० च्या सुमारास हा पदार्थ वेगळा केला आणि त्याच कामातून पुढे वॉरफरीन हे रक्त पातळ करणारं औषध आलं. कुरणात हे क्लोव्हर असेल तर ते गवत पूर्ण वाळल्याची खात्री हवीच.

माझा प्रश्न: ओलावा नेमका कसा बघता? आणि गठ्ठे गरम झाले तर कुठल्या तापमानाला काळजी सुरू करायची?

कुरणवेडा

@टापटीप, आधी हाताने. ओळीच्या तळातून मूठभर गवत काढायचं, वरून नाही. वरचं नेहमी फसवं असतं. पीळ देऊन पाहायचं. काड्या कडकड मोडल्या पाहिजेत. कांड्याच्या पेऱ्यावर नखाने ओरखडा काढला तर ओल दिसता कामा नये, पेरं सर्वात शेवटी वाळतं. हे जमायला थोडा सराव लागतो, म्हणून सुरुवातीला मायक्रोवेव्हने ताडून पाहा. १०० ग्रॅम गवत बारीक कापून, सोबत पेलाभर पाणी ठेवून थोडं थोडं तापवायचं, दर वेळी वजन करायचं. वजन घटायचं थांबलं की जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे टक्के ओलावा. करपायच्या आधी थांबवा. गठ्ठ्यात खुपसायची मीटरची सळईही वापरतो, पण ती एका जागेचं सांगते. निदान आठ-दहा गठ्ठ्यांत खुपसून बघावं आणि त्यांतल्या सर्वात जास्त आकड्यावर विश्वास ठेवावा.

तापमानाचं असं. बांधल्यावर गठ्ठे थोडे गरम होतातच. ५० अंश सेल्सिअसच्या आत राहून उतरले तर ठीक. ६५ वर पोचले की रोज मोजायचं. ७० च्या वर दर चार तासांनी. ८० च्या आसपास पोचले तर आग कधीही लागू शकते. त्या वेळी आधी अग्निशमन दलाला बोलवायचं आणि ते आल्याशिवाय एकही गठ्ठा हलवायचा नाही, कारण आतल्या तापलेल्या भागाला एकदम हवा मिळाली की तो पेट घेतो. अशा ढिगावर चढू नका. आतून जळून पोकळी झाली असेल तर माणूस थेट आत जातो. धोका मुख्यतः बांधणीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत असतो. तेवढा काळ लांब दांड्याचा थर्मामीटर शेडच्या दारालाच टांगलेला असू द्या. गवताला तंबाखूसारखा, भाजल्यासारखा गोडसर वास यायला लागला तर थर्मामीटरची वाट न पाहता ढीग तपासा.

आमच्याकडे नव्या कापणीचा ढीग ट्रॅक्टरपासून दूर, दुसऱ्या छपराखाली असतो. गवत आणि डिझेलचं यंत्र एका छताखाली ठेवायला माझा विरोध आहे.

गोठ्यातून

दुसऱ्या कापणीबद्दल कुणी लिहिलं नाही, तर मी लिहिते. उन्हाळा उतरला की सूर्य खाली असतो, दव उशिरापर्यंत हटत नाही, जमीन थंड असते. दुसरी कापणी वाळवून गठ्ठे करणं बऱ्याच वर्षी शक्यच होत नाही. आम्ही ती ४५ ते ५५ टक्के ओलाव्यावर गोल गठ्ठ्यांत बांधून प्लॅस्टिकच्या फिल्मचे सहा थर चढवतो, बांधल्यापासून चोवीस तासांच्या आत. आत हवा नसली की ते आंबतं आणि गाई आवडीने खातात. फिल्मला भोक पडलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी. घोड्यांना हे द्यायचं तर बोट्युलिझमचा (जिवाणूंमुळे होणाऱ्या घातक विषबाधेचा) धोका लक्षात घेऊन आधी पशुवैद्याशी बोला.

लसूणघासेची शेवटची कापणी पहिल्या कडक गोठणीच्या चार ते सहा आठवडे आधी संपवा. मुळांत साखर साठवायला तिला तेवढा वेळ लागतो. त्या वेळी कापता आलं नाही तर सरळ उभी सोडा. उंच धसकटांत बर्फ अडकतो, आणि बर्फाची जाड गादी मुळांना कडाक्यापासून वाचवते. खरा घात होतो तो उघड्या जमिनीवर पाणी गोठून काचेसारखा थर बसल्यावर; त्याखाली झाड गुदमरतं. ओल्या चिकणमातीत गोठणं-वितळणं चालू राहिलं तर लसूणघासेचे गड्डे जमिनीतून वर ढकलले जातात. तिथे निचरा सुधारल्याशिवाय ती लावू नये. टिमोथी हे सगळं सोसते. बारमाही रायग्रास मात्र कडक हिवाळ्यात मरते, बी मिश्रण घेताना बघून घ्या.

खताचा विचार: एक टन वाळलेलं गवत शेतातून साधारण २५ किलो पोटॅश आणि सहा-सात किलो स्फुरद बाहेर नेतं. गवत विकणाऱ्यांचं कुरण हळूहळू पोटॅशला भुकेलं होतं, आणि पोटॅश कमी पडलं की लसूणघास हिवाळ्यात टिकत नाही. माती तपासून घ्या, सामू गवताला ६ ते ६.५, लसूणघासेला ६.५ च्या वर. शेणखत गोठलेल्या जमिनीवर पसरू नका, वितळताना सगळं ओढ्यात जातं. साधा क्लोव्हर विरळ झाला असेल तर बर्फ जाता जाता, रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं अशा दिवसांत बी नुसतं फेकून द्यायचं. जमिनीच्या भेगा उघडतात-मिटतात आणि बी आपोआप आत जातं.

नवी_पालवी

गोठ्यातून ताई, हिवाळ्याला किती गवत लागेल याचा अंदाज कसा बांधायचा?

गोठ्यातून

५०० किलोचं जनावर रोज वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा खातं, म्हणजे दहा किलो. ओलावा धरून बारा किलोच्या जवळ गवत. दोनशे दिवस धरले तर २.४ टन, त्यावर तुडवणं-सांडणं दहा-पंधरा टक्के. म्हणजे जनावरामागे पावणेतीन टन धरून चाला.

कडाक्यात हा आकडा वाढतो. दाट, कोरड्या केसांची गाय उणे सात अंशांपर्यंत सहज निभावते. तेच केस भिजलेले असले तर पंधरा अंशांनाच तिला थंडी वाजते. त्या मर्यादेच्या खाली प्रत्येक अंशाला साधारण दोन टक्के जास्त ऊर्जा लागते. त्या दिवशी खुराकापेक्षा गवत वाढवा, कारण पोटात तंतुमय चारा आंबतानाच ऊब तयार होते. वाऱ्याला आडोसा दिला तर गवत वाचतं. गठ्ठा उघडताना प्लॅस्टिकची सुतळी न चुकता मोजून गोळा करा, ती जनावराच्या पोटात गेली तर बाहेर येत नाही.

रानपाखरू

एक विनंती. कुरणात जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, ससे-हरणांची पिल्लं असतात. मोअर बाहेरून आत गोल गोल नेला तर ती मधल्या तुकड्यात कोंडली जातात आणि शेवटच्या फेरीत कापली जातात. मधून सुरू करून बाहेर या, म्हणजे त्यांना कडेच्या झुडपांत पळता येतं. एखादा ओला कोपरा, जिथलं गवत तसंही धड वाळत नाही, तो पिल्लं उडेपर्यंत शेवटी कापायला ठेवलात तर फारच छान.

कुरणवेडा

@रानपाखरू, पूर्ण सहमत. आम्ही मधूनच सुरू करतो. वळणं थोडी जास्त घ्यावी लागतात, एवढंच.

सावकाश

ट्रॅक्टरचं कुणीतरी लिहा. हिवाळ्यात तोच बर्फ ढकलायला लागतो, आणि उणे पंचवीसला तो सुरूच होत नाही.

नटबोल्ट

@सावकाश, कारणं बहुधा तीनच: डिझेल, बॅटरी, घट्ट झालेलं तेल.

डिझेलमध्ये मेण असतं. उन्हाळी डिझेलमध्ये शून्याच्या खाली काही अंशांतच त्याचे स्फटिक दिसायला लागतात आणि फिल्टर तुंबतो. थंडी पडायच्या आधी टाकी हिवाळी डिझेलने भरा. गोठणरोधक रसायन वापरायचं तर मेण धरायच्या आधी. एकदा जमलेलं मेण ते विरघळवत नाही. टाकी भरलेली ठेवली की आत वाफ धरून पाणी साठत नाही. एक जादा फिल्टर घरात, उबेत ठेवा.

बॅटरी उणे अठराला जवळपास निम्मी ताकद देते, आणि त्याच वेळी इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, उतरलेली उणे दहाच्या आतच गोठते. गोठलेली बॅटरी चार्ज करू नका, फुटू शकते.

इंजिन ब्लॉक हीटर बसवा, सुरू करायच्या दोन-तीन तास आधी टायमरने चालू होऊ द्या. तेल मॅन्युअलात हिवाळ्यासाठी सांगितलेल्या पातळ प्रतीचं. ग्लो प्लग (सुरू करताना इंजिन आतून तापवणारे प्लग) असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा कधीही मारू नका, आत स्फोट होऊन पिस्टन फुटतात. कूलंट निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल, म्हणजे उणे ३७ पर्यंत निर्धास्त. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही. निव्वळ इथिलिन ग्लायकॉल उणे तेराला गोठतं.

हायड्रॉलिकचं तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय. थंडीआधी बदला, नाहीतर तेच पाणी पंपाच्या जाळीवर बर्फ होऊन बसतं आणि पंप कोरडा चालतो. सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं हळू चालू ठेवा, मग लोडर उचला.

नवी_पालवी

शेवटचा प्रश्न. हिवाळाभर उभा राहिलेला जुना बेलर हंगामात पहिल्यांदा चालवताना क्रम काय?

नटबोल्ट

उंदरांची घरटी काढा, सगळे ग्रीस पॉइंट भरा, नॉटरवरचं साठवणीचं ग्रीस पुसून तेल द्या. फ्लायव्हील हाताने पूर्ण फिरवा, गाठीची एक फेरीही हाताने करा. सुया पेटीत शिरताना कशालाही घासता कामा नयेत. सुईचा अडसर नीट हलतोय का पाहा. चेनचा ताण, टायरची हवा. मग पीटीओ मंद वेगात, रिकामा, काही मिनिटं. बेअरिंगचा आवाज बदलतोय का ऐका. बंद केल्यावर हाताची मागची बाजू लावून कुठलं जास्त तापलंय ते बघा. मग शेताच्या कडेच्या जुन्या गवतावर चार-सहा गठ्ठे बांधा. एका गठ्ठ्यात प्लंजरचे बारा ते अठरा घाव पडतील असा वेग धरा.

कुरणवेडा

त्यात एवढीच भर: पेटीत गंज किंवा ग्रीस असतं तेव्हा पहिले काही गठ्ठे सैल आणि वेडेवाकडे येतात, आत गवत कधी घट्ट तर कधी पोकळ. ते मुख्य ढिगात घालू नका. वेगळे, एका थरात पॅलेटवर ठेवा, आठवडाभर थर्मामीटर लावा आणि जनावरांना तेच आधी संपवा.